रद्दीचा टेम्पो निघण्यापूर्वी : जुनी मराठी मासिकं जमवायची, जपायची आणि स्कॅन करायची कशी

नौपाड्यातली एक जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, माळ्यावर सासूबाईंच्या दोन ट्रंका आहेत, मासिकांनी भरलेल्या. उद्या दुपारी रद्दीवाला येतोय. तुला हवं असेल तर त्याआधी येऊन बघ." मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. एका ट्रंकेत पावसाचं पाणी शिरून अंकांची एकसंध वीट झाली होती. दुसरीत 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर'चे अंक सुतळीने वर्षवार बांधून ठेवलेले. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: "पा. ४१ लोकरीचा नमुना", "पा. १२ कथा, परत वाचणे".

ठाण्यात असे माळे रोज रिकामे होत आहेत. गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, चेंदणी, कोपरी, सगळीकडे जुन्या इमारती पाडल्या जात आहेत आणि तीन पिढ्यांनी जपलेले गठ्ठे एका दुपारी काट्यावर चढतात. म्हणून ज्यांना हे काम सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी, मला जे करता करता कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

आधी एक धागा धरा

"जुनी मराठी मासिकं" हा विषय कुणाच्याच घरात मावणार नाही. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचे नुसते दिवाळी अंक म्हटले तरी खोल्या भरतील. तेव्हा सुरुवातीला एकच धागा धरा. एखादं मासिक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जसं 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडेपर्यंतची. किंवा एकाच चित्रकाराची मुखपृष्ठं. किंवा मुलांची मासिकं. किंवा पन्नाशीच्या दशकातले विनोदी दिवाळी अंक. माझा धागा आहे बायकांसाठी निघालेली मासिकं आणि त्यांतली पत्रं. धागा असला की गठ्ठा उपसताना हात कुठे थांबायला हवा ते कळतं, आणि घरच्यांनाही कपाट कुठपर्यंत भरणार याचा अंदाज येतो.

घरी आणण्याआधी हेही बघा की ते काम आधीच कुणी केलं आहे का. बालभारतीचं 'किशोर' १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनेच इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. ते अंक प्रेमाने जरूर जमवा, पण स्कॅनिंगचे तास त्यांच्यावर घालवू नका. आपल्या गावात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. सभासद व्हा, तिथे बसा, तुमच्या धाग्यातले कोणते अंक त्यांच्याकडे आहेत ते वहीत उतरवा. तुमच्या यादीतला जो अंक तिथे नाही, तो तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

अंक मिळतात कुठे

सगळ्यात जास्त अंक रद्दीवाल्यांकडे मिळतात. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे चांगले अंक मिळतात, पण तिथे ते निवडून, भाव ठरून आलेले असतात. रद्दीच्या दुकानात ते अजून नुसता कागद असतात. आपल्या भागातल्या तीन-चार दुकानांशी ओळख करून घ्या. एका दिवसात काही होत नाही. मी ज्यांच्याकडे जाते त्या भाऊंनी पहिले दोन महिने मला काही दाखवलं नाही. मग एकदा स्वतःहून म्हणाले, "ताई, पेपर एकीकडे, पुस्तकं एकीकडे, आणि मासिकं मी पोत्यात भरतो. टेम्पो गुरुवारी भिवंडीला जातो. बुधवारी संध्याकाळपर्यंत येऊन बघत जा." तेव्हापासून माझा बुधवार ठरलेला आहे. पैसे किलोच्या भावाने नको, अंकाच्या भावाने द्या. त्यांनाही बरं पडतं आणि पुढच्या वेळी ते गठ्ठा आपणहून बाजूला काढून ठेवतात.

दिवाळीची साफसफाई आणि मे महिन्यातली घरबदली, हे दोन हंगाम चुकवू नका. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिक संघात, ओळखीच्या पॅकर्स-मूव्हर्सवाल्याला सांगून ठेवा. मात्र घरातून अंक घेताना घाई करू नका. ज्यांच्या आईचे, सासूचे ते अंक आहेत त्यांना दहा मिनिटं ते हातात घेऊन बसू द्या. कुणी, कधीपासून, कुठल्या दुकानातून घेत होतं, हे सगळं त्याच दहा मिनिटांत कळतं आणि पुन्हा कधीच कळत नाही.

सुतळी सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो काढा. कोणता अंक कशाशेजारी होता, गठ्ठ्यावर काय लिहिलं होतं, हे सुतळी सुटली की गेलं.

बाइंड केलेल्या अंकांबद्दल एक सावधगिरी. एका वाचनालयाने काढून टाकलेले दहा-बारा वार्षिक खंड मी मोठ्या आनंदाने घरी आणले होते. उघडून बघते तर बाइंडिंग करताना प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली, कडा कापून सरळ केलेल्या. कथा-लेख सगळे जागेवर होते. पण साबण कुठला, धाग्याची रिळं कुठली, कुठल्या वैद्याचं चूर्ण, वर्गणी किती, हे सगळं गेलं होतं. अख्खा अंक वेगळा आणि अंकातला मजकूर वेगळा, हे त्या दिवशी मला नीट कळलं. सुटा, फाटका, पण मुखपृष्ठासकट असलेला अंक मी आता बाइंड केलेल्या खंडापेक्षा आधी उचलते.

घरात आणल्यावर

नवा गठ्ठा जुन्या अंकांच्या कपाटात लगेच ठेवू नका. कसर एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात जाते. दारापाशी किंवा बाल्कनीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, वेगळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवा. मऊ ब्रशने, उभ्या हाताने, शिवणीकडून बाहेरच्या बाजूला धूळ झटका. मास्क लावा. पानांवर हिरवट-काळी बुरशी असेल तर ते अंक घरात झटकूच नका, बाहेर मोकळ्या हवेत झटका.

कीड दिसली तर औषध फवारू नका. डांबरगोळ्याही नकोत. त्यांची वाफ माणसाला वाईट आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. अंक पॉलिथीनच्या पिशवीत घाला, हवा काढून पिशवी चिकटपट्टीने बंद करा आणि उणे अठरा ते वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. आमच्याकडे मासळीच्या डब्यांशेजारी १९४८ सालचे अंक आहेत हे घरच्यांना समजावून सांगावं लागलं, पण कीड गेली.

जुने अंक पिनांवर शिवलेले असतात. पिना गंजल्या की भोवतीचा कागद तपकिरी होऊन तुटतो. स्टेपलर रिमूव्हर वापरू नका, तो पान ओरबाडतो. चपटी पातळ सुरी पिनेच्या पायाखाली घालून पाय सरळ करा, मग पिन बाहेरच्या बाजूने अलगद ओढा. नंतर त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. दहा वर्षांत तो पिवळा पडून निघून जातो आणि गोंद कागदात उतरतो. फाटलेलं पान तसंच घडीच्या कागदात ठेवलेलं परवडतं.

हा कागद मुळातच अल्पायुषी आहे. स्वस्त मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन (लाकडातलाच एक घटक) उजेडाने पिवळं पडतं आणि आम्लामुळे पान ठिसूळ होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदावर नियंत्रण आलं होतं, त्या वर्षांचे अंक तर हातात घेताच कडेने चुरा सोडतात. म्हणून अंक आडवे ठेवा, दहापेक्षा जास्त एकावर एक नको. बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट नको, कारण ठाण्यात जुलैत ती भिंत घाम फोडते. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांवर गेला की बुरशीला वाव मिळतो. दमटपणा मोजायचा छोटा यंत्रकाटा कपाटात ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्यांचा रंग बदलला की त्या तापवून सुकवा. पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये अंक घालू नका. आम्लविरहित कागदाचं पाकीट उत्तम.

नोंद: इथे वेळ द्या

नवे लोक स्कॅनर घेऊन थेट कामाला लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी नोंद करा. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका अंकाला एक ओळ: मासिकाचं नाव, वर्ष, अंक, महिना, संपादक, मुद्रक, प्रकाशनस्थळ, किंमत, पानं, चित्रकार, कोणती पानं नाहीत, अंक कुणाकडून आला, आणि अंकावर हाताने काय लिहिलं आहे. काकूंच्या सासूबाईंचं "परत वाचणे" हेही मी त्या शेवटच्या रकान्यात टिपलं आहे.

नाव जसं छापलं आहे तसंच लिहा. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघालेलं मासिक पुढे 'किर्लोस्कर' झालं. दोन्ही नावं ज्या त्या अंकाला ठेवा आणि वेगळ्या रकान्यात दोन्हींना जोडणारं एक समान नाव द्या.

खरी कसोटी लागते ती मुखपृष्ठ नसलेल्या अंकाचं वय ठरवताना. इथे आतला कागदच साक्ष देतो.

किंमत बघा. आण्यांत असेल तर अंक बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून दशमान नाणी आली. "नये पैसे" असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. पत्ते बघा. "गिरगाव, मुंबई ४" असा एक-दोन आकडी टपाल विभाग आणि सहा आकडी पिनकोड यांत फरक आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणून कुठल्याही जाहिरातीत तो दिसला की अंक त्यानंतरचाच. उलट मात्र धरू नका. लोक पुढेही कितीतरी वर्षं "मुंबई ४" लिहीत राहिले.

शके दिला असेल तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो. शके १८३१ ची दिवाळी म्हणजे १९०९ ची. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या अंकाला ७९ मिळवावे लागतात. पौष महिना डिसेंबर-जानेवारीत पडतो, तिथे पंचांग उघडून बघा.

शुद्धलेखनही मदत करतं. "कांहीं", "नाहीं", "मुलें" असे अनुस्वार भरभरून असतील तर अंक जुन्या वळणाचा. नवे नियम १९६२ साली आले. फक्त एवढ्यावर साल ठरवू नका, कारण काही संपादक नियम येण्याआधीच अनुस्वार गाळत होते आणि काही नंतरही सोडायला तयार नव्हते.

आणि शेवटचं पान तळापर्यंत वाचा. "हे मासिक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले" ही ओळ १८६७ च्या कायद्यामुळे छापावीच लागे. छापखान्याचा पत्ता बदललेला दिसला की अलीकडचा-पलीकडचा अंक शेजारी ठेवून साल दोन-तीन वर्षांच्या आत आणता येतं. एका 'मनोहर'च्या अंकासाठी मी तीन संध्याकाळ घालवल्या आणि शेवटी एका जाहिरातीतल्या "येत्या १५ ऑगस्टपासून" या शब्दांनी महिना सापडला.

स्कॅनिंग

सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो, पण घेताना आतला सेन्सर कुठला ते विचारा. पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये सीआयएस असतो. काचेला न टेकलेला भाग त्यात धूसर येतो, आणि जाड दिवाळी अंकाची शिवण कधीच पूर्ण टेकत नाही. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर जड असतो, महाग असतो, पण शिवणीजवळच्या ओळी वाचता येतात. ठिसूळ अंक स्कॅनरवर दाबूच नका. मोबाइल उलटा धरणारा स्टँड, दोन बाजूंना पंचेचाळीस अंशांवर एकसारखे दोन दिवे आणि पानावर हलकी काच, एवढ्यात सुंदर काम होतं.

मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप), बारीक टायपाला ४००, मुखपृष्ठ आणि चित्रांना ६००. सगळं रंगीत. काळं-पांढरं केल्यावर पानाचा पिवळेपणा जातो तशा पेन्सिलीच्या खुणाही जातात. पातळ कागदातून मागचा मजकूर दिसतो, त्यासाठी पानाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवा. हा दोन रुपयांचा उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगला आहे. छापील फोटोंवर जाळीसारखी लाटदार नक्षी उमटली तर ती पुसणारी स्कॅनरमधली डीस्क्रीन ही सोय वापरता येते, पण मूळ प्रत त्याशिवायच साठवा.

काही अंक स्वतःचे प्रश्न घेऊन येतात. 'आवाज'च्या दिवाळी अंकातल्या खिडक्याच घ्या. पान बंद असताना एक चित्र, खिडकी उघडली की दुसरंच. तिथे बंद पान, उघडं पान आणि आतलं पूर्ण पान अशा तीन प्रतिमा घ्या, नाहीतर गंमतच हरवते. घडीची रंगीत चित्रं, पुरवण्या, मध्येच सापडलेलं बसचं तिकीट किंवा वर्गणीची पावती, हेही स्कॅन करा, ज्या पानांमध्ये सापडलं त्याचा आकडा लिहून.

स्कॅन झाल्यावर पानं सरळ करायला आणि दोन पानं वेगळी करायला स्कॅनटेलर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अक्षरओळखीसाठी, म्हणजे चित्रातला मजकूर शोधता येईल असा करायला, टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे, गूगल ड्राइव्हवरही होते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत मात्रा तुटलेल्या असतात, तेव्हा चुका धरूनच चला. शोधताना "काही" आणि "कांहीं" दोन्ही टाकून बघा, नाहीतर अर्धे लेख सापडतच नाहीत.

फाइली

मूळ प्रत टिफ या चित्रांच्या फाइल-प्रकारात, वाचायची प्रत पीडीएफमध्ये. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ४०० डीपीआयला जवळपास ४६ एमबी होतं, म्हणजे दोनशे पानांचा दिवाळी अंक नऊ जीबीच्या पुढे. दोन टीबीच्या डिस्कवर असे दोनशेच्या आसपास अंक बसतील. हिशेब आधीच करून ठेवा.

फाइलीचं नाव रोमन अक्षरांत द्या, जागा न सोडता: मासिक, वर्ष, महिना, प्रतिमा क्रमांक. नागरीत दाखवायचं तर "स्त्री_१९३६_०५_००१". शेवटचा आकडा छापील पान क्रमांकाचा नाही, प्रतिमेचा, कारण मुखपृष्ठाला आणि जाहिरातींच्या पानांना बहुतेक वेळा क्रमांकच नसतो. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी एक डिस्क डोंबिवलीला बहिणीकडे असते, भाऊबीजेला बदलून आणते.

काय जगाला दाखवता येतं

आपल्या अभ्यासासाठी स्कॅन करणं वेगळं आणि इंटरनेटवर टाकणं वेगळं. भारतात लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत आहे. एकाच अंकात दोघंही असू शकतात, म्हणून निर्णय अंकाचा नसतो, पानाचा असतो. निनावी मजकुराला प्रसिद्धीपासून ६० वर्षं. हक्क मुक्त झालेलं इंटरनेट अर्काइव्हवर संपूर्ण नोंदीसह चढवा. बाकीच्याची फक्त यादी आणि अनुक्रमणिका द्या. अभ्यासकाला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं: कोणती कथा कोणत्या अंकात, आणि तो अंक आहे कुणाकडे. हक्कदार वारस ठाण्या-मुंबईतच राहत असतील तर भेटून लेखी परवानगी मागा. मला आजवर दोघांनी आनंदाने दिली, एकांनी नाही म्हटलं. त्यांचे अंक माझ्या डिस्कवरच आहेत.

काकूंच्या ट्रंकेतले एकशे अठ्ठावीस अंक पूर्ण व्हायला मला चौदा महिने लागले. पेन्सिलीच्या खुणा असलेली पानं वेगळी छापून मी त्यांना नेऊन दिली. लोकरीचा तो ४१ पानावरचा नमुना त्यांच्या नातीने विणायला घेतला आहे.

एक काम मात्र आजच करा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: आत काय आहे, यादी कुठे आहे, आपल्यामागे हे कुणाला द्यायचं, त्या व्यक्तीचा किंवा वाचनालयाचा फोन नंबर. वर मोठ्या अक्षरांत लिहा, "रद्दी नाही". घरातल्या सगळ्यांना तो कागद दाखवून ठेवा.